स्नायू : श्रमाने मिळणारे धन

कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सांगलीजवळील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक पटकाविले. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. या तिघांच्या जिद्दीला ज्यांनी साथ दिली, तेच अस्थिस्नायू ऊस तोडणाऱ्या आईच्या मनगटात आणि वंदनेला ताठ बसलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीतही काम करीत असतात.

मानवी शरीरात सहाशेहून अधिक अस्थिस्नायू असतात. हृदयाचे व आतड्यांचे स्नायू आपल्या इच्छेवाचून चालतात. अस्थिस्नायू मात्र इच्छेनुसार हलविता येतात, म्हणून त्यांना ऐच्छिक स्नायू असेही म्हणतात. ते कंडरांनी हाडांना बांधलेले असतात. स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणूनच ते जोडीने काम करतात. कोयता उचलताना कोपर वाकते, तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडतो व मागचा सैलावतो. घाव घालताना हात सरळ होतो, तेव्हा याच्या उलट घडते.

प्रत्येक स्नायू म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा. मेंदूचा संदेश मज्जातंतूंतून पोचताच तंतूंमधील ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखडतो. जलद तंतू क्षणात मोठे बळ देतात, पण लवकर थकतात. पैलवानाचा डाव त्यांच्या जोरावर चालतो. मंद तंतू बेताचे बळ देतात, पण दीर्घकाळ टिकतात. लांब पल्ल्याच्या धावपटूची मदार त्यांच्यावर असते. दोहोंचे प्रमाण बरेचसे जन्मजात असले, तरी सरावाने दोन्ही सुधारतात.

व्यायामाने तंतूंची संख्या फारशी वाढत नाही; असलेले तंतू जाड होतात. त्यासाठी क्रमाक्रमाने वाढणारा भार, पुरेशी प्रथिने आणि शांत झोप हवी. डाळ, मटकीची उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून प्रथिने मिळतात. तालमीतले जोर आणि बैठका यांना यंत्रही लागत नाही.

हे सांगण्याचे कारण आहे. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या मुलांना झटपट शरीर कमावून देणाऱ्या इंजेक्शनांचा मोह पडू शकतो. स्टेरॉइडने दंड फुगतात, परंतु यकृत व हृदय यांना अपाय होतो, शरीरातील नैसर्गिक संप्रेरकांची निर्मिती मंदावते आणि वाढीच्या वयात उंची खुंटू शकते. स्नायूंचे बळ एकाएकी वाढले, तरी कंडरा त्याच वेगाने बळकट होत नाहीत. त्यांना इजा होण्याचा धोका वाढतो. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या धाकट्या भावंडांना हे आवर्जून सांगावे.

पालकांनाही एक विनंती. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. मात्र नियमित व्यायामाने उतारवयातही त्यांचे बळ वाढविता येते. सुट्टीत मूल घरी आले, की त्याच्यासोबत रोज चार बैठका आपणही माराव्यात. आणि घरातील अंडे, दूध मुलाच्या बरोबरीने मुलीच्या ताटातही वाढावे. स्नायूंची गरज दोघांनाही आहे.