जानेवारीचे फूल आणि जूनचे झाड
ब्राह्मणपाऱ्याच्या गच्चीपासून प्रदर्शनाच्या टेबलापर्यंत गुलाबाचा प्रवास

रायपूरच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा हा भाग घरांना घरे लागून वसलेला आहे. एका बाजूस कंकाली तलाव, थोड्या अंतरावर बूढा तलाव, आणि मध्ये अरुंद गल्ल्या. येथे अंगण ही चैनीची गोष्ट होय. बाग करावयाची तर ती गच्चीवर, जिन्याच्या वळणावर किंवा ओट्यावरच्या चार कुंड्यांत. अशा वस्तीत गुलाबाचे प्रदर्शन भरवावे, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्यास प्रथम हसू येईल. गुलाब म्हटला की विस्तीर्ण उद्यान डोळ्यांसमोर येते. चंडीगढचे १९६७ साली उभारलेले झाकीर हुसेन गुलाब उद्यान सुमारे ३० एकरांचे आहे. भोपाळ येथेही हिवाळ्यात गुलाबाचे मोठे प्रदर्शन भरते. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन आणि रोझ सोसायटीचे उपक्रम यांनी कित्येक पिढ्यांना गुलाबाची गोडी लावली. या सर्वांपुढे गल्लीतील चार कुंड्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर गुलाब-प्रदर्शनांच्या इतिहासातच सापडते.

घोंगडीखाली जपलेला गुलाब

केवळ गुलाबासाठी भरविलेले पहिले मोठे प्रदर्शन १८५८ साली लंडन येथे झाले. त्यामागे रेनॉल्ड्स होल या धर्मोपदेशकाचा पुढाकार होता. त्यानंतर काही वर्षांनी नॉटिंगहॅम येथील कामगारांनी त्यांना आपल्या प्रदर्शनाचे परीक्षण करण्यास बोलाविले. प्रदर्शन ईस्टरच्या सुमारास, म्हणजे तेथील थंडी अद्याप सरलेली नसताना होते. एवढ्या लवकर गुलाब कोठून येणार, आपली थट्टा तर केली जात नाही ना, अशी शंका त्यांना आली. ते गेले तेव्हा एका साध्या खाणावळीच्या माडीवर बाटल्यांत खोवलेली उत्कृष्ट फुले त्यांनी पाहिली. शहराबाहेरील चिमुकल्या भाड्याच्या वाफ्यांत, हाताने बांधलेल्या काचघरांत ती वाढविली होती. कडाक्याच्या थंडीत झाडे वाचावीत म्हणून कामगारांनी आपल्या अंथरुणातील पांघरुणे काढून काचघरांवर घातली होती. होल यांनी ही हकिकत आपल्या गुलाबावरील पुस्तकात नोंदवून ठेवली आहे.

गुलाबाला जमीन थोडी लागते, लक्ष मात्र फार लागते, हा या हकिकतीचा बोध होय. ब्राह्मणपाऱ्यातील गच्चीला तो तंतोतंत लागू पडतो. फरक इतकाच की नॉटिंगहॅमचा शत्रू थंडी होता, रायपूरचा शत्रू ऊन आहे.

रायपूरचे हवामान आणि गुलाब

रायपूर परिसरात हिवाळा गुलाबाला मानवणारा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिवस उबदार, रात्री गार, आकाश निरभ्र. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि त्यापाठोपाठ सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. ऊन आणि पाणी यांच्या या दुहेरी माऱ्यात झाड दगावते. हिवाळ्यात रोपवाटिकेतून आणलेले, फुलांनी लगडलेले झाड पुढच्या दसऱ्यापर्यंत तग धरत नाही, हा अनुभव अनेक घरांचा आहे. दरवर्षी नवे झाड आणावे आणि दरवर्षी ते गमवावे, यात पैसा तर जातोच; पण "आपल्याकडे गुलाब होत नाही" ही समजूतही पक्की होते.

छत्तीसगढमधील शेतकरी आपल्या मातीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा ही मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. मटासी पिवळसर व हलकी. कन्हार काळी व भारी. डोरसा या दोहोंच्या मधली. गुलाबासाठी डोरसा उत्तम. कन्हार मातीत पावसाळ्यात मुळे गुदमरतात, म्हणून तेथे गादीवाफा उंच करून लागवड करावी. भाटा जमिनीत खड्ड्यातील माती बदलून भरपूर शेणखत घालावे. खड्डा ४५ ते ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल असावा आणि त्यात ८ ते १० किलो कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण पुरेसे आहे. कुंडीचा व्यास १२ इंचांहून कमी नसावा. लहान कुंडी मे महिन्यात दुपारपर्यंत भाजून निघते.

उन्हाळ्याचे काम तीन गोष्टींत सामावते. पहिली, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवणे, म्हणजे प्रत्येक कुंडीची बाजू स्वतंत्रपणे तापत नाही. दुसरी, दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीची किंवा जुन्या सुती साडीची सावली करणे. तिसरी, मातीवर पालापाचोळ्याचे किंवा भाताच्या तुसाचे आच्छादन. धानाच्या या प्रदेशात तूस सहज उपलब्ध असते. एप्रिलनंतर आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात. झाडाने त्या वेळी फूल देऊ नये, जीव राखावा.

दसऱ्यानंतरची छाटणी

ब्राह्मणपाऱ्यातील कंकाली मठाचे दार वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडते. त्या दिवशी तेथील प्राचीन शस्त्रांचे दर्शन होते. गुलाब लावणाऱ्यानेही आपले शस्त्र, म्हणजे छाटणीची कात्री, त्याच सुमारास धार लावून पुजावी. कारण पावसाचा जोर ओसरून हवा कोरडी होऊ लागली की छाटणीचा हंगाम सुरू होतो.

छाटणीनंतर साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी फूल येते. थंडी वाढली की हा काळ लांबतो. म्हणून प्रदर्शनाची तारीख आधी ठरवावी आणि तेथून उलटे मोजावे. प्रदर्शन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत झाडे छाटावीत. हवामानाने दगा दिला तरी एक टप्पा तारखेला सापडतोच.

मृत, रोगट, बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या प्रथम काढाव्यात. हायब्रिड टी प्रकारात उरलेल्या जोमदार फांद्यांवर चार ते पाच डोळे राखावेत. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्यावा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात. शेंड्याकडून खाली काळी पडत येणारी फांदी हा गुलाबाचा आपल्याकडील मोठा रोग आहे आणि त्याचा शिरकाव अनेकदा उघड्या कापातून होतो. फांदी काळी पडू लागली तर खाली निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कापावी व कात्री पुढच्या झाडाला लावण्यापूर्वी निर्जंतुक करावी.

आणखी एक सूचना. विकतचा गुलाब बहुधा जंगली खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. जोडाच्या खालून निघालेला फुटवा खुंटाचा समजावा. पानांच्या संख्येवरून तो ओळखण्याचा प्रयत्न फसवा ठरतो. माती बाजूला करून उगम पाहावा आणि फुटवा मुळाशी ओढून काढावा. नुसता कापला तर तो दुप्पट जोमाने येतो व एक-दोन वर्षांत वरची जात संपून जाते. "आमच्या लाल गुलाबाचा रंग बदलला" असे जे सांगितले जाते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

परीक्षक काय पाहतो?

प्रदर्शनात फूल मांडणे म्हणजे आपल्या वर्षभराच्या कामाची परीक्षा देणे. अमेरिकन रोझ सोसायटीची १०० गुणांची पद्धत प्रसिद्ध आहे : आकार व ठेवण २५, रंग २०, देठ व पाने २०, पाकळ्यांचा कसदारपणा १५, समतोल १० आणि मोठेपणा १०. यातून एक गोष्ट ध्यानात येते. फुलाच्या मोठेपणाला केवळ दशमांश महत्त्व आहे. देठ व पानांना त्याच्या दुप्पट. पानावर काळे ठिपके, भुरी किंवा लाल कोळ्याची जाळी असेल तर फूल कितीही देखणे असले तरी गुण जातात. म्हणजेच परीक्षकाच्या नजरेत फुलाइतकीच पीकसंरक्षणाचीही परीक्षा होते. विस्तार कार्यकर्त्यास शेतकऱ्यांपुढे जे सांगावयाचे असते, ते येथे टेबलावर उघड दिसते.

प्रदर्शनासाठी हायब्रिड टी प्रकारचे फूल अर्धे ते पाऊण उमललेले असावे. एका देठावर एकच कळी राखण्यासाठी बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात. फूल भल्या पहाटे किंवा आदल्या सायंकाळी तोडून लगेच पाण्यात ठेवावे. जातीचे नाव अचूक लिहावे.

प्रगतिशील शेतकऱ्यांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. बाजारासाठी फूल घट्ट कळीच्या अवस्थेत, बाहेरील एक-दोन निदले सुटू लागताच तोडावे लागते. प्रदर्शनाच्या टप्प्यावर तोडलेले फूल बाजारात पोहोचेपर्यंत गळून जाईल. परंतु देठाची लांबी व सरळपणा, निरोगी पाने आणि प्रतवारी या कसोट्या दोन्हीकडे सारख्याच आहेत. प्रदर्शनात डोळा तयार झालेला माणूस प्रतवारीत सहसा चुकत नाही.

वैज्ञानिकाचा छंद

गुलाबाचा छंद आणि शेतीचे गंभीर संशोधन यांत अंतर आहे, असे मानण्याचे कारण नाही. गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारक जाती निर्माण करणारे डॉ. बी. पी. पाल हे १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. त्या पदावर येणारे ते पहिले कृषिशास्त्रज्ञ. त्यांनीच 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' यांसारख्या अनेक गुलाबजाती निर्माण केल्या आणि भारतीय हवामानातील गुलाबावर ग्रंथ लिहिला. परदेशी जात आपल्या उन्हात टिकत नसेल तर आपल्या उन्हात निवड करावी, ही दृष्टी गव्हाच्या शेतातून गुलाबाच्या वाफ्यात आली. गल्लीतील बागकामप्रेमीने तीच दृष्टी छोट्या प्रमाणावर बाळगावी : शेजारच्या गच्चीवर तीन उन्हाळे काढलेले झाड हीच आपल्यासाठी शिफारस केलेली जात.

संक्रांत, छेरछेरा आणि गुलाब

स्थानिक कार्यक्रमाला वेगळा मंडप किंवा मोठा खर्च लागत नाही. रायपूर येथील मराठी घरांत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू होते. गुलाबाच्या बहराचा हाच काळ. हळदीकुंकवाच्या दिवशी प्रत्येकीने आपल्या घरचे एक फूल, जातीच्या नावासह व झाडाच्या वयासह, बाटलीत खोवून मांडावे. इतक्याने प्रदर्शन उभे राहते. वाणाला डोळे भरलेले रोप दिले तर उत्तमच. फवारणी न केलेल्या सुवासिक देशी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करून दाखविणे हाही आनंदाचा भाग होईल. मात्र कीटकनाशक मारलेली किंवा बाजारातील शोभेची फुले गुलकंदासाठी कदापि वापरू नयेत.

याच सुमारास, पौष पौर्णिमेला, छत्तीसगढमध्ये छेरछेरा साजरा होतो. मुले दारोदार जाऊन नव्या धानाचे दान मागतात आणि कोणीही त्यांना रिकाम्या हाती पाठवीत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा डोळे भरण्याचाही हंगाम होय. मग या दिवसांत गुलाबाच्या डोळकाडीचे दान का मागू नये? ज्याच्या घरी टिकाऊ झाड आहे त्याने चार डोळे द्यावेत, ज्याच्याकडे खुंट तयार आहे त्याने ते भरून घ्यावेत. रोपवाटिकेतून दरवर्षी नवे झाड आणण्याची साखळी येथे तुटू शकते.

एक पारितोषिक अधिक

आपल्या प्रदर्शनांत सर्वोत्तम फुलास प्रदर्शनाचा 'राजा' किंवा 'राणी' म्हणून गौरविण्याची प्रथा आहे. ती असावीच. परंतु तिच्यात एक उणीव आहे. डिसेंबरात फुलासह विकत घेतलेली कुंडी आणि पाच वर्षे जपलेले झाड ही दोन्ही त्या टेबलावर एकाच मापाने मोजली जातात. म्हणून स्थानिक कार्यक्रमांत एक स्वतंत्र वर्ग ठेवावा : किमान दोन उन्हाळे त्याच घरी काढलेल्या झाडाचे फूल. विस्तार कार्यकर्त्यांनी यासाठी वर्षातून तीन वेळा वस्तीत जावे. दसऱ्यानंतर छाटणीचे प्रात्यक्षिक, जानेवारीत प्रदर्शन व डोळे भरण्याचे प्रात्यक्षिक, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर जिवंत झाडांची मोजणी. या मोजणीची वही हीच खरी गुणपत्रिका. कोणती जात, कोणती माती, कोणती सावली टिकली, याची उत्तरे त्या वहीत तीन-चार वर्षांत आपोआप जमा होतील, आणि ती या वस्तीची स्वतःची असतील.

ब्राह्मणपाऱ्यातील गच्चीवर जानेवारीच्या सकाळी उमललेले फूल पाहून वाटसरू क्षणभर थांबेल, हे निश्चित. ते फूल ज्याने फुलविले, त्याला मात्र त्या पाकळ्यांत मे महिन्यातील दुपार दिसेल : जुन्या साडीची सावली, तुसाचे आच्छादन आणि सायंकाळी घातलेले तांब्याभर पाणी.