टीव्हीवरचं ‘घर’ आणि आपल्या घरातली मुलं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी पाचवीतली भाची मैत्रिणींबरोबर इमारतीच्या जिन्यात खेळत होती. खेळाचं नाव ‘नॉमिनेशन’. एकेकीने वरच्या पायरीवर उभं राहून सांगायचं, कुणाला बाहेर काढायचं आणि का. “ती खोटं खोटं हसते.” “ती सारखी आईला जाऊन सांगते.” चौघींनी एकाच मुलीचं नाव घेतलं. ती हसत होती, पण फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळून गुंडाळून तिचं बोट पांढरं पडलं होतं. हा खेळ टीव्हीवरून आला हे उघड होतं. ‘बिग बॉस’सारखे कार्यक्रम मुलांना दाखवावेत का, यावर त्या रात्री घरात बोलणं निघालं, आणि मोठ्यांच्याच डोक्यात किती गोंधळ आहे ते कळलं.

“टीव्हीवर येतं म्हणजे सेन्सॉर झालेलं असणारच,” हा पहिला गैरसमज. चित्रपटाला प्रदर्शनाआधी सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. वाहिनीवरच्या रिॲलिटी शोचे भाग त्या मंडळाकडे जात नाहीत. वाहिन्यांना १९९५च्या केबल टीव्ही कायद्याखालची कार्यक्रम संहिता पाळावी लागते. मुलांना अयोग्य असलेला कार्यक्रम, सर्वांत जास्त मुलं टीव्हीसमोर असतात त्या वेळी दाखवू नये, असं त्यात आहे. पण अयोग्य काय, हे आधी वाहिनीच ठरवते. तक्रार होते ती नंतर. २०१०मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने हिंदी ‘बिग बॉस’ रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत न्यायला सांगितलं, तेव्हा वाहिनीने मुंबई उच्च न्यायालयातून स्थगिती मिळवली. ओटीटीला मात्र २०२१च्या नियमांनुसार ७+, १३+, १६+ असा वयोगट लिहावा लागतो, आणि १३+ पासून पुढे पालकांना लॉक लावायची सोय द्यावी लागते. फोनवर कार्यक्रम सुरू करताना कोपऱ्यात दिसणारा तो आकडा वाचत चला.

“शिव्यांवर बीप असतो ना!” हे मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतं, आणि याचीच मला जास्त काळजी वाटते. बीप वाजला की मुलं ओठांकडे बघतात, हा भाग सोडून देऊ. पण शिवी हा त्यातला सगळ्यांत लहान प्रश्न आहे. मारहाणीचा नियम स्पष्ट असतो: २०२४च्या ‘बिग बॉस मराठी’मध्ये सहस्पर्धकाच्या कानाखाली मारणाऱ्या सदस्याला घराबाहेर जावं लागलं. टोमणे, कुणाच्या बोलण्याची नक्कल, चौघांनी मिळून एकाला वाळीत टाकणं, याला असा सरळ नियम नाही. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक कानउघाडणी करतो, हे खरं. तोवर आठवडाभर मुलाने पाहिलेलं असतं की जो भांडतो, त्याच्यावरच कॅमेरा थांबतो.

ब्रिटनमध्ये २००७ साली ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीच्या वाट्याला काय आलं ते आठवा. तिच्या उच्चारांची टिंगल, तिच्या हातच्या जेवणाबद्दल शेरे, नावाचा खेळखंडोबा. नियामक संस्था ‘ऑफकॉम’कडे ४० हजारांहून जास्त तक्रारी गेल्या आणि आपल्याला दोषी धरणारा निष्कर्ष ‘चॅनल ४’ला स्वतःच्या पडद्यावरून वाचून दाखवावा लागला. लोक चिडले होते ते वंशद्वेषाने. त्याला कुठला बीप लावणार?

“ते सगळं स्क्रिप्टेड असतं, मुलांना कळतं.” मोठ्यांना तरी कळतं का? पाठ केलेले संवाद नसले, तरी टास्क असा रचलेला असतो की कुणाचं तरी कुणाशी बिनसावं. कॅमेरे दिवसरात्र चालू असतात आणि आपल्यापर्यंत येतो तो तासाभराचा भाग. उरलेले तेवीस तास कुणी कुणाला चहा करून दिला, कुणी माफी मागितली, ते कापलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सनी २०११मध्ये ११ ते १७ वयाच्या मुलींची पाहणी केली. रिॲलिटी शो नियमित पाहणाऱ्यांपैकी ७८ टक्के मुलींना कुचाळक्या हा मैत्रीतला नेहमीचाच भाग वाटत होता. न पाहणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. कार्यक्रमामुळेच तसं झालं, हे यातून सिद्ध होत नाही. पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग सरसकट बंदी? तीही फसते, कारण रील्स शाळेच्या बसमध्ये पोचतातच. शिवाय मोढवे गावच्या सूरज चव्हाणने ‘बिग बॉस मराठी’चं २०२४चं पर्व जिंकलं, तो आनंद पुष्कळ घरांनी मुलांसकट घेतला, आणि त्यात वाईट काही नव्हतं. माझं मत विचाराल तर दहा वर्षांपर्यंत नकोच. अकरा ते तेरा या वयात एखादा मोठा माणूस शेजारी हवा, आणि भाग थांबवता येईल असा, म्हणजे ओटीटीवरचा.

भाची अजून दहाचीच आहे. तरी एकदा मी तिला एका रिॲलिटी शोमधलं भांडण आवाज बंद करून दाखवलं. म्हटलं, फक्त चेहरे बघ. दोघी भांडत होत्या आणि मध्ये मध्ये तिसरीचं हसू दिसत होतं. भाचीने रिमोट माझ्या हातातून घेतला, मागे नेलं, पुन्हा मागे नेलं.

“मावशी, केस बघ. भांडणात तिची वेणी आहे. हसताना केस मोकळे आहेत.”