गोलावर नकाशा कसा चढतो?

संगणकाच्या पडद्यावर फिरणारा पृथ्वीगोल पाहून, सपाट नकाशा गोल कसा झाला, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अक्षांश-रेखांशांच्या परिचित पाठातच आहे.

वक्र पृष्ठभागावर चित्र चढविण्याची संगणकीय रीत एडविन कॅटमल यांनी १९७४ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली. संगणक कागद चिकटवीत नाही. गोलावरील प्रत्येक बिंदूचे रेखांश व अक्षांश काढून नकाशावर त्या जागी कोणता रंग आहे हे तो पाहतो, आणि तोच रंग त्या बिंदूस देतो.

उदाहरणार्थ, ७२ सेंटिमीटर रुंद व ३६ सेंटिमीटर उंच असा जगाचा आराखडा घ्यावा. त्यातील सर्व रेषा समान अंतरावर असल्यास १ सेंटिमीटर म्हणजे ५ अंश होतात. डावी कड १८० अंश पश्चिम व खालची कड दक्षिण ध्रुव होय. अंजनगाव सुर्जी स्थूलमानाने ७७ अंश पूर्व रेखांशावर व २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून डावीकडून २५७ अंश, म्हणजे ५१.४ सेंटिमीटर, आणि खालून १११ अंश, म्हणजे २२.२ सेंटिमीटर मोजले की हे गाव सापडते. संगणकाचा हिशेबही हाच.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नकाशाची वरची सबंध कड गोलावर उत्तर ध्रुवाच्या एकाच बिंदूत मिटते. ६० अंश अक्षांशावर नकाशा पूर्व-पश्चिम दुप्पट ताणलेला असतो. म्हणून भारताहून लहान असलेले ग्रीनलंड त्यावर भारताहून मोठे दिसते. दुसरे असे की, डावी व उजवी कड गोलावर एकाच रेषेत जुळतात. तेथे हिशेब चुकल्यास जवळजवळ सबंध नकाशा एका अरुंद पट्टीत उलटा दाबलेला दिसतो.

हे हातांनी करून दाखविणे सोपे आहे. ७२ सेंटिमीटर परिघाचा, म्हणजे फुटबॉलाहून किंचित मोठा, चेंडू घ्यावा. ३६ सेंटिमीटर लांबीच्या १२ कागदी पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टी मध्यावर ६ सेंटिमीटर रुंद असावी. मध्यापासून दोन्ही बाजूंस ६ सेंटिमीटरवर ५.२, १२ सेंटिमीटरवर ३, आणि टोकाशी शून्य रुंदी ठेवावी. प्रत्येक पट्टीवर ३० रेखांशांचा भाग याच प्रमाणात आवळून काढावा व पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवाव्यात. सबंध आयताकृती कागद गुंडाळल्यास मात्र ध्रुवांशी सुरकुत्या पडतील. त्याही मुलांना अवश्य दाखवाव्यात.

देशांच्या आकारांची तुलना नेहमी गोलावरच करवून घ्यावी. सपाट नकाशावरून बालपणी झालेला चुकीचा समज पुढे सहजी जात नाही.