गाडीतलं ब्लूटूथ सारखं का तुटतं?



फोन खिशात आहे, ब्लूटूथ सुरू आहे, आणि गाडीची स्क्रीन म्हणते 'फोन सापडला नाही'. किंवा फोन जोडला जातो, कॉलही येतात, पण गाणी मात्र फोनच्याच स्पीकरवर वाजत राहतात. किंवा सगळं छान चालतं आणि नेमका घरून फोन आला की आवाज तुकड्यातुकड्यांत ऐकू येतो. मग "काल तर चालत होतं!" म्हणत आपण ब्लूटूथ बंद-चालू करतो. कधी जमतं, कधी नाही. जमलं तरी का जमलं ते कळत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही नुसती गैरसोय नसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ म्हणजे भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. ऑफिसला जातानाची ती वेळ आईवडिलांशी बोलायला अगदी सोयीची, आणि आवाज तुटायला लागला की हात आपोआप फोनकडे जातो. ब्रिटनमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरला, अगदी लाल दिव्यापाशी थांबलेले असताना धरला, तरी २०० पौंड दंड आणि ६ दंडगुण लागू शकतात. भारतीय लायसन्सवर तिथे एक वर्षच गाडी चालवता येते, त्यामुळे आपल्यापैकी बरेचजण तिथली परीक्षा नव्याने दिलेले असतात. परीक्षा पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील तर ६ दंडगुणांवर लायसन्सच रद्द होतं. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यावरची नजर हटणं. तेव्हा पहिला नियम: यातली कुठलीही दुरुस्ती गाडी उभी असतानाच करायची.

दुसरा नियम: 'ब्लूटूथ चालत नाही' हे निदान नाही. तापासारखं ते फक्त लक्षण आहे. फोन आणि गाडी यांच्यात चार वेगवेगळ्या गोष्टी व्हाव्या लागतात आणि बिघाड त्यातल्या एकाच ठिकाणी असतो. तो कुठे आहे हे आधी शोधलं तर उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

आधी पाहा: दोष ब्लूटूथचा आहे का?

आवाज तुटतो तेव्हा शंका ब्लूटूथवर जाते, पण बऱ्याचदा दोषी मोबाइल नेटवर्क असतं. हे तपासायला एक सोपी चाचणी आहे. दोन-चार गाणी फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावर तीच लावा. ती न अडकता वाजली, आणि इंटरनेटवरून येणारी गाणी मात्र अडकली, तर ब्लूटूथ निर्दोष आहे. कॉलचंही तसंच. आवाज तुटायला लागला की गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि कॉल फोनच्या स्पीकरवर घ्या. तिथेही तुटत असेल तर गाडीचा काही संबंध नाही.

घरातून निघाल्यावर पहिलं एक मिनिट गाणं अडकतं आणि मग सुरळीत होतं, असं होतं का? मग बहुधा फोन घरच्या वायफायला चिकटून राहिलेला असतो. सिग्नल क्षीण झाला तरी तो वायफाय लगेच सोडत नाही. निघण्याआधी फोनचं वायफाय बंद करून पाहा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

आणखी एक: घरी बोलायला आपण सर्रास व्हॉट्सॲपसारखी ॲप वापरतो. ॲपवरचा कॉल प्रत्येक गाडीत साध्या कॉलसारखाच वागेल असं नाही. म्हणून चाचणी करताना आधी साधा कॉल करा, मग ॲपवरचा.

पहिली पायरी: ओळख

फोन आणि गाडी पहिल्यांदा भेटतात तेव्हा दोन्हीकडे सहा आकडे दिसतात, आपण 'बरोबर' म्हणतो, आणि पेअरिंग होतं. त्यावेळी दोघं मिळून १२८ बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत याच किल्लीने एकमेकांची खात्री पटते.

आता समजा, तुम्ही वैतागून फोनमधून गाडीचं नाव काढून टाकलं, पण गाडीच्या यादीत तुमचा फोन तसाच राहिला. गाडीकडे जुनी किल्ली आहे, फोनकडे काहीच नाही. घरमालकाने कुलूप बदललं आणि भाडेकरूच्या हातात जुनीच किल्ली राहिली, तसा हा प्रकार. 'पेअरिंग अयशस्वी' या संदेशामागे पुष्कळदा हेच कारण असतं. म्हणून विसरायचं तर दोन्ही बाजूंनी: फोनमधून गाडी काढा, गाडीतून फोन काढा, दोन्ही एकदा बंद करून सुरू करा आणि मगच नव्याने ओळख करून द्या.

गाडीची यादीही पाहून घ्या. कित्येक गाड्या ठरावीक संख्येइतकेच फोन लक्षात ठेवतात. विकून टाकलेला जुना फोन, सुट्टीत आलेल्या भाच्याचा फोन, गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचा फोन, हे सगळं काढून टाका. भाड्याची गाडी परत करताना हेच उलट करा: तुमचा फोन तिच्या यादीतून काढा, नाहीतर तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि कॉलची यादी तिथेच राहू शकते.

दुसरी पायरी: रोजची जोडणी

ओळख एकदाच होते, पण जोडणी रोज व्हावी लागते. इथे दोन घोटाळे नेहमीचे.

पहिला, एका घरात दोन फोन. गाडी अंगणात सुरू झाली की ती ओळखीचा फोन शोधते. ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेला बायकोचा किंवा नवऱ्याचा फोनही तिला सापडतो. गाडी त्याला जोडून घेते आणि तुम्ही खिशातल्या फोनला दोष देत बसता. अनेक गाड्यांत 'प्राधान्याचा फोन' ठरवायची सोय असते, ती वापरा.

दुसरा घोटाळा आयफोनचा. वरून ओढून काढायच्या कंट्रोल सेंटरमध्ये ब्लूटूथचं बटण दाबलं तर ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. आत्ताची जोडणी तुटते आणि पहाटे पाच वाजेपर्यंत फोन आपणहून कुणाला जोडून घेत नाही. रात्री गाडी जोडलीच जात नाही आणि सकाळी आपोआप जोडली जाते, या 'चमत्काराचं' हे कारण असू शकतं. ब्लूटूथ खरोखर बंद-चालू करायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊन करा.

अँड्रॉइड फोनवर बॅटरी वाचवणारी सोय तपासा. अतिउत्साही बॅटरी-बचत पडद्यामागची कामं आवरती घेते, आणि त्यात गाडीशी संबंधित ॲपही सापडू शकतं.

तिसरी पायरी: कोणतं काम कोणत्या वाटेने

ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून आलं. त्याने विखुरलेल्या लोकांना एका सत्तेखाली आणलं, तसं हे तंत्र वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणेल अशी कल्पना होती. छप्पर एक असलं तरी खाली खोल्या वेगळ्या आहेत. कॉलसाठी हँड्स-फ्री प्रोफाइल, गाण्यांसाठी एटूडीपी, पुढचं-मागचं गाणं लावणाऱ्या बटणांसाठी तिसरं, फोनबुकसाठी चौथं. एक बंद आणि बाकीची सुरू असं सहज होऊ शकतं.

कॉल येतात पण गाणी येत नाहीत, किंवा नावांऐवजी नुसते नंबर दिसतात, तर पेअरिंग मोडू नका. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारच्या चिन्हावर जा. तिथे कॉल, मीडिया आणि कॉन्टॅक्ट्स यांची वेगवेगळी बटणं असतात. आयफोनवरही तिथेच कॉन्टॅक्ट्सची परवानगी सापडते. पेअरिंगच्या घाईत एखाद्या प्रश्नाला 'नाही' म्हटलेलं असतं, इतकंच.

बिनतारी कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांची गोष्ट जरा निराळी. तिथे ब्लूटूथ फक्त सुरुवातीची गाठ घालून देतं, पुढची जड वाहतूक वायफायवरून होते. म्हणून फोनचं वायफाय बंद ठेवलं तर हे चालत नाही, आणि ते मध्येच तुटलं तर ब्लूटूथच्या सेटिंग्ज उकरून फारसा उपयोग नसतो.

चौथी पायरी: हवेतली गर्दी

ओळख, जोडणी, परवानग्या सगळं ठीक, तरी डाउनलोड केलेलं गाणंसुद्धा अडखळतं. आता शंका रेडिओलहरींवर घ्यायची. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. बरीचशी वायफाय यंत्रणा आणि मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात असतात. गर्दीतून वाट काढण्यासाठी आवाज पाठवणारं ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतं. जिथे गोंगाट आहे ते भाग टाळायलाही ते शिकलेलं आहे. त्यामुळे गाडीच्या बाहेरची गर्दी ते सहसा निभावून नेतं. अडचण होते ती अगदी जवळच्या गोंगाटाची. यूएसबी ३ च्या उपकरणांतून आणि केबलमधून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडू शकतो. स्वस्त चार्जर, डॅशकॅम, पेनड्राइव्ह हे सगळं एकदा काढून ठेवा आणि गाणं लावून पाहा. मग एकेक वस्तू परत जोडा.

फोनची जागाही महत्त्वाची. आपल्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं आणि धातू त्यांना अडवतो. मागच्या खिशात बसल्याखाली दाबलेला, किंवा बॅगेत लॅपटॉपच्या मागे गेलेला फोन डॅशबोर्डजवळ ठेवून पाहा.

पलीकडच्या माणसाला प्रतिध्वनी किंवा घरघर ऐकू येत असेल तर तो प्रश्न माइकचा. बऱ्याच गाड्यांत माइक छताला, आरशाजवळ असतो. पंख्याची हवा पायांकडे वळवा आणि गाडीचा आवाज थोडा कमी करा.

अदलाबदल करून पाहा

अजूनही उलगडा होत नसेल तर विज्ञानातली सगळ्यात जुनी युक्ती वापरा: एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसऱ्याचा फोन तुमच्या गाडीत जोडा, आणि तुमचा फोन मित्राच्या गाडीत. दुसरा फोनही तुमच्या गाडीत अडखळला तर दोष गाडीचा. तुमचा फोन दोन्हीकडे अडखळला तर दोष फोनचा. दोन्ही आपापल्या जागी ठीक आणि एकत्र आले की भांडण, तर दोघांची सॉफ्टवेअर एकमेकांशी पटवून घेत नाहीत. मग दोन्हींचे अपडेट घ्या आणि गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा फोन चालणाऱ्या फोनांच्या यादीत आहे का ते पाहा.

गाडीची यंत्रणा रीस्टार्ट करायची तर नुसतं इंजिन बंद करून भागत नाही. दार उघडून बाहेर या, गाडी लॉक करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे स्क्रीनमागचा संगणकही झोपतो. फोनच्या नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करणं हा शेवटचा उपाय. त्यात वायफायचे सगळे पासवर्ड जातात, तेव्हा ते आधी लिहून ठेवा.

एवढ्यानेही भागलं नाही तर वर्कशॉपला जाताना कागदावर नोंद घेऊन जा: फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कॉल की गाणी, किती मिनिटांनी तुटतं, दुसऱ्या फोनने काय झालं. "कधीकधी तुटतं" ऐकून मेकॅनिक गाडी सुरू करतो, तेव्हा सगळं चालतं, आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत येता. नोंद असेल तर त्याला शोधायला जागा मिळते, आणि गाडी वॉरंटीत असेल तर तुमची बाजूही पक्की होते.

तोवर एक साधी केबल गाडीत ठेवा. बहुतेक गाड्यांत तारेवरून गाणी आणि कारप्ले दोन्ही चालतात. आणि मध्येच आवाज तुटला तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा: "लाइन तुटली तर काळजी करू नका, पोचलो की फोन करतो."