गरजेचें काम आणि विक्रीचें काम

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही घरची मंडळी पांचगणीहून साताऱ्यास परत येत होतों. पसरणीचा घाट उतरत असतां, वाईचीं घरें खालीं दिसूं लागलीं न लागलीं तोंच, ब्रेकचें पॅडल माझ्या पायाखालीं एकाएकीं मऊ पडलें. दाबावें तसतसें तें खालीं जाई. पण गाडीचा वेग त्या मानानें कमी होईना. मागें माझी पत्नी व सहा वर्षांची नात बसली होती. गिअर एकेक खालीं आणीत आणि हँडब्रेक बेताबेतानें ओढीत मीं कशीबशी गाडी डोंगराच्या कडेला उभी केली. चाकांपाशीं जळका वास येत होता. पाऊण तास आम्ही तेथें बसून राहिलों. नंतर पाहतों तों पॅडल पुन्हा पहिल्यासारखें घट्ट! नातीला हा सगळा चमत्कार वाटला. मला मात्र त्या पाऊण तासांत सहा आठवड्यांपूर्वींचें एक बिल आठवत होतें, आणि आजचें हें भाषण खरें म्हटलें तर त्या बिलावरच आहे.

गाडी वार्षिक सर्व्हिसिंगसाठीं डीलरच्या कारखान्यांत दिली होती. तेथील तरुण ॲडव्हायझरनें मोठ्या अदबीनें मला चहा पाजला आणि एक छापील यादी पुढें ठेवली. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर हीं तर तींत होतींच. शिवाय इंजिन फ्लश, डीकार्बनायझेशन, रंगावर टेफ्लॉनचा लेप, गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप, एसीचें निर्जंतुकीकरण, टायरांत नायट्रोजन, आणि शेवटून दुसरी ओळ ब्रेक ऑइल बदलण्याची. बेरीज १६,००० रुपयांच्या घरांत गेली. निवृत्त शिक्षकाला कोठें तरी काटछाट करणें प्राप्तच होतें. टाकींत डोकावून पाहिलें तों ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलें. जें भरलेलें आहे तें बदलावयाचें कशाला, असा हिशेब करून मीं तेवढी ९०० रुपयांची ओळ खोडली. रंगावरचा लेप मात्र ठेवला, कारण पाहुण्यांच्या लग्नाला गाडी चकचकीत दिसावी असें आम्हां दोघांनाही वाटत होतें. मला कोणीं फसविलें असें मी म्हणणार नाहीं. यादी त्यांची होती, निवड माझी होती, आणि ती नेमकी उलटी झाली.

ती उलटी कशी झाली हें कळण्यासाठीं ब्रेक ऑइलविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. नांवांत ऑइल असलें तरी तें खनिज तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल जातीचा एक द्रव असतो. द्रव दाबला असतां आकसत नाहीं, म्हणून पायाचा जोर नळ्यांतून थेट चाकापर्यंत पोंचतो. परंतु या द्रवाला एक खोड आहे. पावसाळ्यांत मिठाला जसें पाणी सुटतें, तसा हा द्रव रबरी नळ्यांतून व टाकीच्या झांकणांतून हवेंतील दमटपणा हळूहळू ओढून घेतो. डॉट ३ प्रतीचें ताजें ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, डॉट ४ प्रतीचें २३० अंशांपर्यंत, असा नियम आहे. त्यांत ३.७ टक्के पाणी मिसळलें म्हणजे हीच किमान मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांवर उतरते. घाटांत ब्रेक सारखा दाबून ठेवला कीं चाकाची तबकडी तापते, ती उष्णता द्रवाला पोंचते, द्रव उकळूं लागतो आणि नळींत वाफ होते. वाफ द्रवासारखी नसते, ती दबते. मग पायाचा सारा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्ची पडतो. गाडी थंड झाली कीं वाफेचा पुन्हा द्रव होतो, आणि पॅडल जणूं कांहीं झालेंच नाहीं असें घट्ट होतें.

म्हणजे टाकींतील पातळी पाहून मीं जो निर्णय घेतला त्याला कांहींच अर्थ नव्हता. द्रवाचें प्रमाण ठीक होतें. त्याचा गुण गेला होता. तीस वर्षें सातवीच्या वर्गाला उत्कलनांक शिकविणाऱ्या मास्तराला हें सुचूं नये, याची मला अजून लाज वाटते. माझी आणखीही एक चूक झाली होती, तीही सांगून टाकतों : ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा पाठ मीं त्या दिवशीं पाळला नव्हता.

आतां प्रश्न असा कीं, मोटारीच्या विद्येंत निष्णात नसलेल्या गृहस्थानें यादींतील गरजेचें काम कोणतें आणि विक्रीचें कोणतें हें ओळखावें कसें? घरीं आल्यावर मीं गाडीच्या कप्प्यांतलें पुस्तक काढलें. पांच वर्षें तें प्लॅस्टिकच्या पिशवींत तसेंच पडून होतें. गाडी बनविणाऱ्यांनींच छापलेल्या त्या पुस्तकांत एक कोष्टक होतें. कोणतें काम किती किलोमीटरांनीं अथवा किती महिन्यांनीं करावयाचें, कोठें नुसतें तपासावयाचें आणि कोठें बदलावयाचें, हें तेथें स्पष्ट दिलें होतें. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनीं बदलावें असें तेथें लिहिलेलें. माझें पांच वर्षांत एकदांही बदललेलें नव्हतें. आणि इंजिन फ्लश, रंगावरचा लेप, नायट्रोजन यांचें त्या कोष्टकांत नांवही नव्हतें! जो कारखाना गाडी घडवितो त्याचें मत आणि जें दुकान ती विकतें त्याचें मत, हीं दोन निराळीं असूं शकतात, हें मला त्या दिवशीं प्रथम उमगलें.

हें कोष्टक वाचतांना एक खुबी मात्र ध्यानांत ठेवावी लागते. तेथें किलोमीटर व महिने असे दोन आंकडे असतात, आणि जो आधीं भरेल तो खरा. पुष्कळ पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी इंजिन ऑइलची मुदत असते. माझी गाडी वर्षाकाठीं चार हजारांपलीकडे जात नाहीं, म्हणून ऑइल अडीच वर्षें पुरवावें असें मला वाटे. तें चूक आहे. मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापतच नाहीं. त्यामुळें ऑइलमध्यें ओल आणि न जळालेलें पेट्रोल सांचत राहतें. याच कारणानें पुस्तकांत धुळीच्या रस्त्यांसाठीं व आंखूड फेऱ्यांसाठीं बहुधा एक वेगळें, अधिक कडक कोष्टक असतें. ॲडव्हायझर त्याचा हवाला देऊन 'आपल्याकडचे रस्तेच तसे' असें म्हणाला, तर तो खोटें बोलत नसतो. फक्त तें कोष्टक आपणही उघडून पाहावें.

माझे एक जुने विद्यार्थी आतां स्वतःचें गॅरेज चालवितात. त्यांच्यापुढें मीं ती यादी ठेवली, तेव्हां ते हंसून म्हणाले, "गुरुजी, ही यादी गाडी बघून केलेली नाहीं, ही गाडी येण्यापूर्वींच छापलेली होती." मग एकेक ओळ घेऊन त्यांनीं मला शिकविलें, आणि आमचें जुनें नातें तासाभरापुरतें उलटें झालें. डीकार्बनायझेशनचें मूळ जुन्या कार्ब्युरेटरच्या काळांत आहे. ॲम्बॅसॅडर व फियाट गाड्यांचीं हेडें उघडून कांहीं काळानें काजळी खरडावी लागे, आणि आमच्या पिढीच्या मनांत ती भीति अजून घर करून आहे. आजच्या गाडींत पेट्रोलचें माप संगणक ठरवितो. इंजिन अडखळत असेल, ओढ कमी झाली असेल, तर कारण शोधावें, पण निरोगी इंजिनाला दरवर्षीं जुलाब देण्याचें कारण नाहीं. टायरांतल्या नायट्रोजनची तर मौजच आहे. आपण श्वासांत घेतों त्या हवेंत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनानें अपाय कांहीं नाहीं. पण महिन्यांतून एकदां थंड टायरांतला दाब तपासून तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आंकड्याइतका ठेवणें, हें त्याहून कितीतरी मोलाचें.

एसीच्या गॅसविषयीं त्यांनीं सांगितलेली गोष्ट मला विशेष पटली. गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांत फिरत असतो. तो बराच कमी झाला याचा अर्थ कोठें तरी गळती आहे. ती न शोधतां दर उन्हाळ्यांत नुसता गॅस भरून घेणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. गंजरोधक लेपाचा प्रश्न मात्र सरसकट निकालांत काढतां येत नाहीं. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यांत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आणि साताऱ्यांतील माझ्या गाडीची वेगळी. चाकांचें अलाइनमेंटही असेंच : गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एका कडेनें झिजत असेल, खड्ड्यांत जोराचा धक्का बसला असेल, तर तें जरूर करावें.

एवढें ऐकल्यावर कोणी म्हणेल कीं, डीलरकडे जाऊंच नये, म्हणजे झालें. आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं हाच मार्ग धरला होता. हे सगळे लुबाडणारे आहेत असें म्हणून त्यांनीं तीन वर्षें ऑइलपलीकडे कांहींही केलें नाहीं. त्यांच्या इंजिनांत टायमिंगचा पट्टा होता. हा रबरी पट्टा झडपांची व पिस्टनची चाल एकमेकींशीं जुळती ठेवतो, आणि तो ठराविक किलोमीटरांनीं बदलावयाचा असतो. तो तुटण्यापूर्वीं बहुधा आवाज करीत नाहीं कीं इशारा देत नाहीं. पुष्कळ इंजिनांत तो तुटला कीं पिस्टन जाऊन झडपांवर आदळतात. त्यांचा पट्टा कराडच्या रस्त्यावर तुटला, आणि वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट इंजिन खोलण्यांत गेले. सर्व गाड्यांत पट्टा नसतो. कित्येकांत सांखळी असते. आपल्या गाडींत काय आहे हें विचारण्यास एक मिनिटही लागत नाहीं.

तेव्हां या वर्षीं मी पुन्हा त्याच डीलरकडे गेलों, फरक इतकाच कीं पुस्तक बगलेंत मारून. तोच तरुण होता. "सर, या वर्षीं फ्लश करून घेऊं या," तो म्हणाला. मीं विचारलें, "हें काम पुस्तकांत कोणत्या पानावर आहे?" तो थोडा गोंधळला. मग मीं विचारलें, "माझ्या गाडींत असें काय आढळलें कीं ज्यामुळें तें करावें? आणि पुढच्या वर्षींपर्यंत थांबलों तर काय बिघडेल?" पहिल्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हतें, म्हणून ती ओळ त्यानें स्वतःच खोडली. परंतु एअर फिल्टरच्या वेळीं तो मला शेडमध्यें घेऊन गेला, फिल्टर काढून उजेडासमोर धरला आणि घड्यांत बसलेली माती दाखविली. तें उत्तर मला पुरेसें होतें. त्या मुलाविषयीं माझ्या मनांत राग नाहीं. महिन्याला अमुक इतकीं जादा कामें मिळवावीं असें त्याच्यावर दडपण असतें, हें त्यानेंच चहा पितांना मोकळेपणानें सांगितलें. जॉबकार्डावर ठरलीं तेवढींच कामें लिहून, 'याखेरीज कांहीं करावयाचें झाल्यास आधीं फोन करावा' अशी ओळ घालून मगच मीं सही केली, आणि बदललेले जुने भाग परत दाखवावेत असेंही सांगितलें.

गाडी हमीच्या मुदतींत असेल तोंवर कोष्टकांतील कामें अधिकृत ठिकाणींच करून त्यांच्या पावत्या जपून ठेवणें शहाणपणाचें. हमीच्या अटी तशाच असतात. त्या अटींत कोष्टकांतलीं कामें येतात, रंगावरचा लेप येत नाहीं, हें मात्र पक्कें समजावें. मुदत संपल्यावर विश्वासाच्या गॅरेजांत जाण्यास कोणाचीच आडकाठी नाहीं. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग व माहिती सहजासहजीं मिळूं न देण्याच्या रीतीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ सालीं चौदा मोटार-कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढें अपिलांत गेलें. पण प्रश्न केवळ माझ्यासारख्या एखाद्या मास्तराच्या खिशापुरता नव्हता, एवढें त्यावरून दिसतें.

या वर्षींचें बिल ५,४०० रुपयांचें झालें. इंजिन ऑइल, दोन फिल्टर आणि तपासणी एवढेंच त्यांत होतें. ब्रेक ऑइल गेल्या वर्षीं घाटाच्या प्रसंगानंतर लगेच माझ्या विद्यार्थ्याच्या गॅरेजांत बदलून घेतलें होतें. त्यानें जुनें एका कांचेच्या पेल्यांत काढून दाखविलें होतें : नवें मधासारखें पिवळसर, आणि माझें उकळून उरलेल्या चहासारखें काळपट. तपासणींत एक गोष्ट निघाली ती माझ्या ध्यानांत आली नव्हती. पुढच्या दोन टायरांच्या खांचा झिजत झिजत तळाशीं असलेल्या आडव्या उंचवट्यांपर्यंत आल्या आहेत. हे उंचवटे १.६ मिलिमीटर खोली उरल्याची खूण म्हणून टायरांतच घडविलेले असतात. खांच तेथवर उतरली कीं ओल्या रस्त्यावर टायरला पकड राहत नाहीं. हें काम त्या छापील यादींत नव्हतें. त्या तरुणानें गाडीखालीं वाकून तें पाहिलें आणि मला बोलावून दाखविलें. पावसाळा लागण्यापूर्वीं ते दोन्ही टायर बदलावयाचे आहेत.