दहा बाय दहाची काच

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून व्हिडिओ गेमचा जुना संच खाली आला. पिवळट पडलेली कॅसेट, दोन रिमोट आणि बदकं मारायची प्लास्टिकची बंदूक. भाच्याने सगळ्या तारा आमच्या ४३ इंची टीव्हीला जोडल्या. चित्र आलं, संगीत वाजलं, गवतातून बदक उडालं. बंदूक मात्र चालेना. दहादा घोडा ओढला, एकही बदक पडलं नाही. बंदूक बिघडली, असंच सगळ्यांना वाटलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे अजून जुना डब्बा टीव्ही आहे. संच तिथे नेऊन जोडला आणि पहिल्याच फटक्यात बदक खाली आलं.

बंदूक धडधाकट होती. बदलला होता तो पडदा. गेल्या वीस वर्षांत टीव्ही इतका चपटा, मोठा आणि स्वस्त कसा झाला, आणि त्यात खेळणाऱ्याने काय कमावलं, काय गमावलं, हे समजून घ्यायला या बंदुकीपासूनच सुरुवात करू.

घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. त्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. जुन्या टीव्हीत पिक्चर ट्यूबच्या मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा आणि काचेवर ओळीमागून ओळ रंगवत जायचा. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. संदेश आला की त्याच क्षणी उजेड. साठवणं नाही, थांबणं नाही. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत ‘नेम चुकला’ असा निकाल गेमने देऊन टाकलेला असतो. शिवाय बंदुकीतलं सर्किट झोताची ती वेगवान लुकलुक ओळखण्यासाठीच बेतलेलं असतं. नव्या पडद्याच्या उजेडात ती लुकलुकच नसते.

मग एवढं तत्पर तंत्र मागे का पडलं? वजनामुळे. पडदा मोठा करायचा तर आत निर्वात पोकळी असलेली जाड काचेची नळी मोठी करावी लागायची. सोनीने १९८९ च्या सुमारास ४३ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही बनवला, त्याचं वजन जवळपास २०० किलो होतं.

चपट्या पडद्याची गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८८८ मध्ये प्राग इथे फ्रीडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होता. तो १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या पुढे अचानक नितळ. त्या मधल्या अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. हाच द्रवस्फटिक. विजेचा किंचित दाब दिला की हे रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. १९७३ मध्ये जपानच्या शार्प कंपनीने द्रवस्फटिकानेच खिशात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरचे आकडे दाखवले.

आकडे दाखवणं सोपं होतं, चित्र दाखवणं अवघड. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग आणि प्रत्येक भागाला स्वतःचा ट्रान्झिस्टर. म्हणजे एका टीव्हीच्या काचेवर बासष्ट लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर. ते एकेक करून बसवत नाहीत. काचेवर पातळ थर चढवायचा, त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग आम्लाने किंवा वायूने खरवडायचा, धुवायचं, की पुन्हा पुढचा थर. मग ही काच आणि दुसरी एक काच यांच्यामध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर भरायचा.

स्वस्ताईचं मूळ या कामाच्या पद्धतीत आहे. काच लहान असो वा मोठी, पायऱ्या तेवढ्याच. मग एकाच मोठ्या काचेवर अनेक टीव्ही घडवले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च घटतो. दिवाळीत शंकरपाळे करताना हेच दिसतं. छोट्या पोळीचे काठ वाया जातात, मोठी पोळी लाटली की तेवढ्याच खटपटीत जास्त शंकरपाळे निघतात. कारखान्यातल्या या ‘पोळी’ला मदर ग्लास म्हणतात. १९९० च्या सुमारास ती साधारण ३० बाय ४० सेंटिमीटर होती, म्हणजे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढी. शार्पने २००४ मध्ये कामेयामा इथे दीड बाय पावणेदोन मीटरहून मोठी काच आणली. काचेचा आकार वाढला की कारखान्याची पुढची पिढी मोजतात. साडेआठव्या पिढीची काच २.२ बाय २.५ मीटरची, तिच्यातून ३२ इंची अठरा पडदे निघतात. चीनच्या बीओई कंपनीने हफेई इथे सुरू केलेल्या साडेदहाव्या पिढीच्या कारखान्यात काच २.९४ बाय ३.३७ मीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे १०७ चौरस फूट. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या जमिनीहून ही एक अखंड काच मोठी, आणि जाडी अवघी अर्धा मिलिमीटर! तिच्यातून ६५ इंची आठ पडदे कापले जातात. साडेआठव्या पिढीच्या काचेतून असे तीनच निघतात.

किमती मात्र आपसूक उतरल्या नाहीत. २००१ ते २००६ या काळात पडदे बनवणाऱ्या काही बड्या कंपन्यांचे अधिकारी तैपेईच्या हॉटेलांत नियमित भेटून पडद्यांचे दर संगनमताने ठरवत होते. २००८ मध्ये एलजी डिस्प्ले, शार्प आणि चुंगह्वा यांनी अमेरिकेत गुन्हा कबूल करून एकूण ५८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला. ग्राहकाला स्वस्ताई मिळाली ती मोठ्या काचेमुळे, पुढे चीनने उभारलेल्या प्रचंड उत्पादनामुळे आणि या कायदेशीर बडग्यामुळेही.

आता खेळाकडे येऊ. मोठा स्पष्ट पडदा घरात आला तरी त्यावर बघायला तेवढं स्पष्ट चित्र हवं. दूरदर्शनची एचडी सेवा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसोबत आली आणि मराठी मनोरंजन वाहिन्यांना त्यासाठी २०१६ उजाडलं. खेळणाऱ्यांकडे हे चित्र कितीतरी आधी पोहोचलं होतं. २२ नोव्हेंबर २००५ ला अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० हे गेमचं यंत्र आणि वर्षभराने जपानमध्ये प्लेस्टेशन ३ बाजारात आलं. वाहिनीला कॅमेऱ्यापासून प्रक्षेपणापर्यंत सगळी यंत्रणा बदलावी लागते. गेमचं चित्र यंत्र जागच्या जागी गणित करून घडवतं, म्हणून ते आधी एचडी होऊ शकलं. गणितही काही थोडं नव्हतं. ६४० बाय ४८० च्या चित्रात सुमारे तीन लाख ठिपके, फुल एचडीत त्याच्या पावणेसात पट, आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. हे ओझं त्या यंत्रांनाही जड गेलं. २००७ चा गाजलेला ‘हेलो ३’ प्रत्यक्षात ६४० ओळींतच रंगवला जाई आणि मग ताणून मोठा केला जाई. दुसरीकडे २००६ च्या ‘डेड रायझिंग’मधली बारीक अक्षरं जुन्या टीव्हीवर वाचताच येत नव्हती, इतकी ती नव्या पडद्यासाठी बेतलेली होती.

तरीही त्या काळच्या गेम यंत्रांत सर्वाधिक खपलं ते निन्टेन्डोचं वी. त्यात एचडी नव्हतंच. हात हलवला की पडद्यावरची रॅकेट हलायची, ही गंमत लोकांनी उचलून धरली. खेळणाऱ्याला चित्र हवंच असतं, पण त्याआधी हवा असतो प्रतिसाद.

आणि नेमका तिथेच चपटा टीव्ही कमी पडू शकतो. चित्र साफ करण्याच्या, हालचाल गुळगुळीत दाखवण्याच्या नादात अनेक टीव्ही सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक उशीर लावतात. तो क्षुल्लक वाटेल. पण ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीनेच खाल्ला, तर पडद्यावरच्या क्रिकेटमध्ये बॅट कधी फिरवायची? मुलाला खेळता येत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा कधी कधी दोष पडद्याचा असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा पडदा आणखी आवाक्यात आहे. म्हणून घेताना दोन गोष्टी जरूर पाहा. पहिली, अंतर. निरोगी डोळा ४३ इंची फुल एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडून वेगळे ओळखू शकत नाही. आठ फुटांवर बसणार असाल तर केवळ आणखी बारीक ठिपक्यांसाठी ‘फोर-के’ला जास्त पैसे मोजू नका. दुसरी, वेळ. टीव्हीत ‘गेम मोड’ आहे का, हे दुकानातच सेटिंग उघडून बघा. तो चालू केला की चित्राची जादा साफसफाई बंद होते आणि उशीर बराच घटतो. ज्यांच्या घरी असा टीव्ही आधीच आहे, त्यांनी आज संध्याकाळी मुलं खेळायला बसायच्या आत तेवढी एक सेटिंग बदलून द्यावी. त्याला एक रुपयाही लागत नाही.