नालेच्या आत ओतलेला तळवा

शर्यतीचा घोडा ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने धावत असतो, तेव्हा प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की त्याचं ४५० ते ५०० किलोचं शरीर एकाच पुढच्या पायावर असतं. त्या क्षणी पायावर पडणारा जोर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरतो. आणि हा जोर झेलणारा खूर जेमतेम बारा-तेरा सेंटीमीटर रुंद. थरोब्रेड घोडा पिढ्यानपिढ्या वेगासाठी पैदास केलेला. त्याच्या खुराची भिंत पातळ, तळवाही पातळ, पुढचा भाग लांब आणि टाच बसकी, ही तक्रार जगभरच्या तबेल्यांत ऐकू येते. नालबंदाच्या हाती जो खूर येतो, तो बहुतेक वेळा असाच असतो.

खुराच्या आत एक हाड असतं. बाहेरच्या भिंतीला ते सुमारे ५५० ते ६०० बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं, म्हणजे जवळजवळ टांगलेलंच. त्याच्याखाली तळवा, मधोमध रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग, ज्याला घोडेवाले फ्रॉग म्हणतात. बिननालेचा घोडा मऊ जमिनीवर उभा राहिला की माती तळव्याला आणि फ्रॉगला टेकते, भार वाटला जातो. नाल ठोकली की खूर नालेच्या जाडीएवढा वर उचलला जातो. मग सगळा भार कडेच्या भिंतीवर आणि तिच्या आतल्या पापुद्र्यांवर, तळवा मात्र अधांतरी. तळव्याची जाडी १५ मिलिमीटरच्या आसपास असली तर हे निभून जातं. ती १० मिलिमीटरच्या खाली गेली की एखादा खडाही मुका मार देतो, आणि घोडा पाय आखडून टाकू लागतो.

ही पोकळी भरायची धडपड जुनी आहे. नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याची चकती घालायची, तिच्या आत डांबर लावलेले तागाचे धागे ठासायचे, ही पद्धत कित्येक दशकं चालली. पुढे चामड्याऐवजी प्लॅस्टिक आलं, धाग्यांऐवजी सिलिकॉन आलं. पण चकतीची मूळ अडचण तशीच राहिली. खिळे तिच्यातून पार जातात, धावता धावता ती दबते आणि खिळे सैल होतात. कडेतून चिखल-पाणी आत शिरतं. शिवाय शर्यतीच्या घोड्याला हलकी ॲल्युमिनियमची नाल घालायची आणि त्याच पायात चकतीचं वजन वाढवायचं, हे मला नेहमीच विसंगत वाटत आलं आहे.

ओतायच्या भरणीने चकतीलाच फाटा दिला. तिच्यामागे आहे पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम तयार केलं, तेव्हा घोड्याचा खूर कुणाच्या मनात असण्याचं कारण नव्हतं. दोन द्रव एकत्र आले की त्यांची साखळी जुळते आणि रबरासारखा घट्ट पण लवणारा पदार्थ तयार होतो. अमेरिकेतल्या व्हेटेक कंपनीचं इक्वि-पॅक हे नालबंदांच्या ओळखीचं नाव. त्याच घरातला एक प्रकार जास्त मऊ असतो, एकात मोरचूद मिसळलेलं असतं.

काम पाहायला सोपं वाटतं. आधी खूर तासून समतोल करायचा, नाल ठोकायची, खिळ्यांची टोकं वळवून कानस फिरवायची. नंतर तळवा तारेच्या ब्रशने घासून अगदी कोरडा करायचा, कारण पॉलियुरेथेनचं पाण्याशी वैर आहे. ओलावा राहिला तर रासायनिक क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो, भरणीत बुडबुडे धरतात आणि ती खुराला चिकटत नाही. म्हणून अनुभवी माणूस गरम हवा मारून फ्रॉगच्या खाचाही सुकवतो. काही जण नालेखाली आधीच बारीक जाळी बसवतात, म्हणजे भरणीला पकड मिळते. टाचेकडे उघडी बाजू असते, तिथे पुठ्ठ्याचा किंवा फोमचा बांध घालायचा.

मग येते बंदूक. खिडकीच्या फटी बुजवायला सिलिकॉन भरतात तशीच ती दिसते, फक्त तिच्यात दोन नळकांडी शेजारी-शेजारी असतात. चाप दाबला की दोन्ही द्रव टोकाच्या नळीत शिरतात आणि नळीतल्या पिळदार पात्यांमधून जाताना मिसळतात. पहिला थोडा माल कागदावर सोडून द्यायचा, कारण सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात येत नाहीत आणि कच्चं मिश्रण पायात कधीच घट्ट होत नाही. पाय उलटा, तळवा वर, शक्य तेवढा आडवा धरायचा. भरणी मधासारखी वाहते, फ्रॉगच्या खाचांत शिरते, नालेच्या काठापर्यंत येते. साधारण मिनिटभरात ती जमते. हवा थंड असेल तर नळकांडी आधी कोमट करून घ्यावी लागतात, उन्हाळ्यात हात चटकन चालवावा लागतो. त्या मिनिटात घोडा पाय झटकतो की शांत उभा राहतो, त्यावर सगळं अवलंबून. घोड्याची मान धरून त्याच्याशी बोलत उभा राहणारा सईस या कामात नालबंदाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ती जमत असताना पाय हवेत ठेवायचा की जमिनीवर टेकवायचा, यावर नालबंदांचे दोन पंथ आहेत. भार पडला की तळवा किंचित खाली वाकतो. पाय हवेत असताना भरणी जमली तर ती विसावलेल्या तळव्याला चपखल बसते. घोडा उभा राहिला की तळवा लगेच तिच्यावर दाबला जातो, आधार पहिल्यापासून मिळतो. घोड्याला त्या पायावर उभं करून जमवली, तर ती आधीच वाकलेल्या तळव्याचा आकार घेते आणि दाब कमी राहतो. पातळ, दुखऱ्या तळव्याला पहिला प्रकार जड जाऊ शकतो. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, निदान ज्या घोड्याचा तळवा चिमट्याने दाबल्यावर तो पाय ओढतो त्याच्या बाबतीत तरी. भरणी नालेच्या पातळीच्या वर येता कामा नये, हे मात्र दोन्ही पंथांना मान्य आहे. वर आली तर सगळा भार तळव्यावर येतो, आणि ज्या मुक्या मारापासून वाचवायचं होतं तोच आपण करून ठेवतो. थर जाड झाला तर जमताना निघणारी उष्णताही पातळ तळव्याला सोसत नाही.

आधाराचं मोल किती, हे बार्बारोच्या दुर्दैवी कहाणीत दिसतं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेल्या या घोड्याचा उजवा मागचा पाय २० मे रोजी प्रीकनेस शर्यतीत मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डीन रिचर्डसन यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. पण जुलैमध्ये न मोडलेल्या डाव्या मागच्या पायात लॅमिनायटिस झाला, म्हणजे ते पापुद्रेच सुटू लागले, आणि त्या खुराची सुमारे ८० टक्के भिंत काढून टाकावी लागली. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला मुक्ती द्यावी लागली. मोडलेल्या पायाचा भार सतत झेलणाऱ्या चांगल्या पायात हा रोग उद्भवतो, म्हणून अशा घोड्याच्या निरोगी पायालाही तळव्याचा आधार देणं ही आज पशुवैद्यांची रीत आहे. भार पापुद्र्यांवरून काढून तळव्यावर आणि फ्रॉगवर वाटायचा, एवढाच त्यामागचा हेतू. शर्यतीच्या घोड्याच्या पायात ओतलेली भरणी हेच काम फार छोट्या प्रमाणात करते.

हिचे तोटेही आहेत. तळवा झाकला जातो. खाचांत ओल अडकली तर फ्रॉग कुजतो. मोरचूद मिसळलेला प्रकार त्यासाठीच निघाला, पण तो स्वच्छतेची जागा घेत नाही. आत पू धरला असेल आणि वर भरणी ओतली, तर पुवाला वाट मिळत नाही आणि घोडा रात्रभर तळमळतो. म्हणून ओतण्याआधी चिमट्याने तळवा चाचपणं आणि शंका असेल तर एक्स-रे काढून तळव्याची जाडी मोजणं, हे मी अनिवार्य मानतो. सर्वांत वाईट म्हणजे भरणीने दुखणं झाकून घोडा शर्यतीत उतरवणं. दुखऱ्या तळव्याला वेळ हवा असतो. खुराची भिंत महिन्याला सहा ते नऊ मिलिमीटर वाढते, पुढचा भाग पूर्ण नवा व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. शर्यतीच्या घोड्याची नाल तीन-चार आठवड्यांत बदलतात, म्हणजे भरणी तेवढ्या काळापुरती उसनी जागा देते. तिने तळवा जाड होतो हा समज चुकीचा आहे. तळवा आपल्या गतीनेच वाढतो, भरणी फक्त तोवर त्याला झीज आणि मार कमी बसू देते.

आपल्याकडे हा प्रश्न पावसाळ्यात तीव्र होतो. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती जुलैपासून पुण्यात आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर होतात. पुण्याचा हंगाम म्हणजे चिखल आणि दिवसभर ओले खूर, आणि पाणी धरलेला तळवा मऊ पडतो. अशा खुराला आधार हवाच असतो, पण ओला तळवा हीच भरणीची मोठी अडचण. तबेल्यात कोरडा, बंदिस्त कोपरा नसेल आणि तळवा सुकवायला पुरेसा वेळ नसेल, तर त्या दिवशी बंदूक बाहेर काढू नये. नाल ठोकून घोडा सोडावा, दोन दिवसांनी पाय सुकला की ओतावं. आणि जुनी भरणी पकडीने सोलून काढल्यावर तळवा पुरेसा जाड, टणक आणि निरोगी दिसला, तर पुन्हा ओतूच नये.